नकलेची नक्कल

१

१९८६ साली, कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असताना, मी रेम्ब्रांटच्या एका आत्मचित्राची तैलरंगात नक्कल केली. ग्रंथालयातले ते जाडजूड पुस्तक विद्यार्थ्यांना घरी नेता येत नसे, म्हणून सरांनी ते आपल्या नावावर काढून दिले होते. छापील पानावर पारदर्शक कागद ठेवून मी चौकोन आखले, तेवढेच चौकोन हार्डबोर्डवर आखले, आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी एकेक चौकोन भरत गेलो. विशीतला एक तरुण खांद्यावरून आपल्याकडे पाहतो आहे. गळ्याभोवती पोलादी कवच, त्यावर पांढऱ्या कॉलरची कड, खांद्यावर उतरलेली केसांची बट, चेहऱ्याचा काही भाग उजेडात आणि काही सावलीत. चित्राखाली छापले होते : रेम्ब्रांट, आत्मचित्र, सुमारे १६२९, मॉरित्सहाउस, हेग.

नक्कल उतरली. सरांनी ती भिंतीला टेकवून ठेवली, दहा पावले मागे जाऊन पाहिली आणि म्हणाले, “हात तयार झाला तुझा. आता माणसं बसव समोर.” त्या वर्षीच्या प्रदर्शनात ती लागली. वडिलांनी गावातल्या सुताराकडून सागवानी चौकट करून घेतली आणि चित्र बैठकीच्या खोलीत, आजोबांच्या फोटोशेजारी, टांगले. आल्यागेल्याला ते अभिमानाने सांगत, हे आमच्या चिरंजिवांनी काढलेले. आणि पाहुणे बहुधा विचारत, हे तुमच्याकडले कोण?

पुढे तेरा-चौदा वर्षांनी एका कलाविषयक नियतकालिकात वाचायला मिळाले की हे चित्र रेम्ब्रांटचे नाही. लंडनची नॅशनल गॅलरी आणि हेगचे मॉरित्सहाउस यांनी मिळून १९९९ साली रेम्ब्रांटच्या आत्मचित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले होते. त्याच सुमारास अभ्यासकांनी मान्य केले होते की मूळ चित्र जर्मनीत, न्यूरेंबर्गच्या जर्मानिशेस नॅशनल म्युझियममध्ये आहे. तोवर त्या चित्राला नक्कल म्हटले जात होते, आणि हेगच्या चित्राला मूळ. प्रत्यक्षात उलटे होते. हेगचे चित्र रेम्ब्रांटच्या वर्तुळातल्या कुणा अनाम हाताने केलेली नक्कल निघाले.

म्हणजे मी नकलेची नक्कल केली होती. आधी हसू आले, मग थोडे ओशाळल्यासारखे झाले. पण तो लेख संपेपर्यंत माझ्या मनात दहा वर्षे पडून असलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला मिळू लागले होते. तो प्रश्न आईच्या चित्राचा होता.

२

सरांचा सल्ला मानून १९९० साली मी आईला समोर बसवले. तिला रिकाम्या हाताने बसण्याची सवय नव्हती. ती मांडीवर परात घेऊन गवार मोडत बसे, मध्येच मान वळवून खिडकीतून शेजारणीशी बोले. मी दर पाच मिनिटांनी म्हणे, आई, हलू नकोस. शेवटी तिने परात बाजूला ठेवली आणि फोटो काढून घ्यायला बसावे तशी बसली. मी कोळशाने चेहऱ्याची बाह्यरेषा काढली, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, नथीच्या भोकाची जागा, पदराची चुणी, सगळे आधी नेमके करून घेतले. मग डाव्या डोळ्यापासून सुरुवात करून रंग भरत गेलो, जसा हेगच्या तरुणाचा एकेक चौकोन भरला होता तसा. सात बैठकांत चित्र पुरे झाले.

साम्य चांगले होते. घरचे सगळे म्हणाले, हुबेहूब. आईने पदराला हात पुसत चित्र पाहिले आणि म्हणाली, “मीच आहे, नाही कशाला म्हणू? पण ही बाई कुणी हाक मारली तर उठायची नाही.”

तिचा चित्रकलेशी संबंध एवढाच. पण माझ्या कामावर आजवर झालेल्या टीकेत इतकी अचूक टीका दुसरी नाही. तेव्हा मला ती लागली आणि कळली नाही. हात तयार होता, साम्य होते, उजेड-सावली होती. मग काय नव्हते? मी दोष रंगांना दिला, प्रकाशाला दिला, आईच्या हलण्याला दिला. ज्या नकलेवर माझा हात तयार झाला होता तिच्याकडे संशयाने पाहावे असे माझ्या डोक्यात आले नाही.

३

हेगच्या चित्राचा निकाल कशावर लागला ते पाहण्यासारखे आहे. अवरक्त किरण रंगाच्या थरांतून बरेच आत जातात आणि कोळशासारखे कार्बन असलेले द्रव्य त्यांना शोषून घेते. त्यामुळे रंगाखाली दडलेले रेखाटन कॅमेऱ्याला दिसू शकते. मॉरित्सहाउसच्या चित्राखाली असे रेखाटन सापडले. रंग लावण्याआधी कुणीतरी कडा ठरवून घेतल्या होत्या.

रेम्ब्रांटची रीत ही नव्हती. १९६८ साली सुरू झालेल्या रेम्ब्रांट संशोधन प्रकल्पाने आणि विशेषतः एर्न्स्ट व्हान दे वेटरिंग यांनी त्याची कामाची पद्धत थरांच्या अभ्यासातून उलगडून दाखवली आहे. आधी फळीवर किंवा कापडावर पिवळसर-तपकिरी अस्तर. त्यावर तपकिरी रंगातच ब्रशने ढोबळ मांडणी, म्हणजे उजेड कुठे, अंधार कुठे एवढेच. मग मागून पुढे : आधी पार्श्वभूमी, मग त्यापुढचे, सर्वांत शेवटी सर्वांत जवळचे. उजेडाच्या जागी रंग जाड, सावलीत इतका पातळ की कित्येकदा खालचे अस्तरच सावलीचे काम करते. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्याचे सुमारे १६२८ मधले तळहातापेक्षा थोडे मोठे आत्मचित्र आहे. त्यात कुरळ्या केसांच्या बटा त्याने ओल्या रंगात ब्रशच्या दांडीने ओरखडून काढल्या आहेत. केस आधी रेखून ठेवले असते तर असा ओरखडा सुचला नसता.

इथे मला या लेखाचा मुद्दा मांडायचा आहे. नक्कल करणाऱ्याला चित्राचा शेवट ठाऊक असतो. मूळ चित्रकाराला तो ठाऊक नसतो. गालाची कड कुठे विरघळणार, नाकाची सावली ओठापर्यंत येणार की आधीच थांबणार, हे मूळ चित्रकार काम करता करता ठरवतो. नक्कल करणाऱ्यापुढे ते निर्णय आधीच घेतलेले असतात, म्हणून तो आधी त्यांच्या सीमारेषा आखून घेतो. हेगच्या चित्राखालचे रेखाटन म्हणजे शेवट ठाऊक असल्याचा पुरावा आहे. आणि आईच्या चेहऱ्याचा शेवट मला ठाऊक नसतानाही तो ठाऊक असल्यासारखी मी बाह्यरेषा काढली, तिथेच ते चित्र बसले ते उठले नाही.

मोठ्या चित्रकारालाही उत्तरवयात शेवट ठाऊक नसतो, याची साक्ष क्ष-किरण देतात. लंडनच्या केनवुड हाउसमध्ये रेम्ब्रांटचे सुमारे १६६५ मधले आत्मचित्र आहे : पांढरी टोपी, हातात पॅलेट, मागे भिंतीवर दोन मोठी वर्तुळे. क्ष-किरणांत दिसते की आधी त्याने स्वतःला आरशात दिसले तसे, ब्रश दुसऱ्या हातात धरलेला, रंगवले होते. मग ते पुसून हातांची अदलाबदल केली. साठीकडे झुकलेला, चाळीसेक वर्षे स्वतःचा चेहरा रंगवत आलेला माणूस अजून खोडतो आहे. त्या चित्राची नक्कल करणाऱ्याला हे खोडणे दिसत नाही. त्याला फक्त निकाल दिसतो.

आणखी एक गोष्ट टीकाकारांनी स्वतःला विचारायला हवी. इतकी वर्षे जाणकार फसले कशाने? दोन्ही चित्रे शेजारी छापलेली पाहिली तर उत्तर कठीण नाही. हेगचे चित्र अधिक सफाईदार आहे, कवचाची चकाकी नेटकी आहे, चेहऱ्यावरचा उजेड मऊ पसरलेला आहे. न्यूरेंबर्गचे चित्र मोकळ्या हाताचे, काहीसे ओबडधोबड आहे. सफाई म्हणजे सिद्धी, असे आपण सगळेच गृहीत धरतो. आपल्याकडे व्यक्तिचित्राला ‘अगदी फोटोसारखे’ ही आजही सर्वांत मोठी पावती आहे. मी स्वतः परीक्षणे लिहिताना ‘रंगलेपनातील सफाई’ हे शब्द किती वेळा वापरले असतील, ते मोजायची माझी तयारी नाही.

४

मग नक्कल करणे वाईट, असे म्हणायचे का? तसे म्हटले तर चित्रकलेच्या इतिहासातले निम्मे शिक्षण रद्द करावे लागेल. आणि आपल्या भाषेत तर शिकण्यालाच कित्ता गिरवणे म्हणतात.

कित्ता या शब्दाकडे मात्र नीट पाहावे. पाटीवर पंतोजी ‘अ’ काढून देत आणि मुलाने त्यावरून पेन्सिल फिरवायची. ते अक्षराचा आकार शिकवत, ही झाली वरवरची समजूत. ते शिकवत होते की हात कुठे टेकवायचा, कोणत्या बाजूला वळवायचा, कुठे उचलायचा आणि रेघ शेवटी का द्यायची. ज्याला हा क्रम येतो त्याचे अक्षर पुढे स्वतःचे होते, तिरके होते, धावते होते, तरी ‘अ’ राहते. ज्याने नुसता आकार पाहून ‘अ’ चितारला त्याचे अक्षर त्या दिवशी कदाचित अधिक सुबक दिसेल, पण तो लिहायला शिकलेला नसतो. गाण्याच्या तालमीतही हेच आहे. शिष्य पहिली काही वर्षे गुरूच्या आवाजात गातो, त्याच्या खोकण्यासकट. पण जागा कशी घेतली याबरोबर ती कुठून सुचत गेली, हे ज्याने ऐकले तोच पुढे मैफलीत बसू शकतो.

रेम्ब्रांटच्या कार्यशाळेत कित्ता होताच. शिष्यांकडून तो वर्षाला शंभर गिल्डर घेई, आणि शिष्य त्याच्या चित्रांच्या नकला करत. बर्लिनच्या संग्रहात त्याचे एक रेखाचित्र आहे. ते त्याने आपले गुरू पीटर लास्टमन यांच्या ‘सुझाना’ या चित्रावरून केले आहे. त्याच कागदाच्या पाठीवर त्याने स्वतःच्या शिष्यांची कामे विकल्याची टिपणे लिहून ठेवली आहेत. त्यांत फर्डिनांड बोल आणि लेन्डर्ट ही नावे येतात. कागदाच्या एका बाजूला गुरूचा कित्ता गिरवणारा चित्रकार, दुसऱ्या बाजूला शिष्यांच्या कामाचा हिशेब ठेवणारा गुरू. कार्यशाळेचे सगळे अर्थकारण आणि शिक्षण त्या एका कागदात बसले आहे.

पण लास्टमनवरून केलेले ते रेखाचित्र म्हणजे ठसा नव्हे. आणि रेम्ब्रांट स्वतः नक्कल कशी करत असे याचे सर्वांत बोलके उदाहरण त्याहून पुढचे आहे.

९ एप्रिल १६३९ रोजी आम्स्टरडॅममध्ये लुकास व्हान उफेलन या व्यापाऱ्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्यात राफाएलने रंगवलेले बाल्दासारे कास्तिल्योनेचे व्यक्तिचित्र होते, जे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. रेम्ब्रांट तिथे हजर होता. तो कधी इटलीला गेला नाही. इटली त्याच्याकडे अशी लिलावातून येत असे. त्याने तळहाताएवढ्या कागदावर लेखणीने राफाएलच्या चित्राचे झटपट रेखाटन केले आणि बाजूला टिपून ठेवले की हे चित्र ३,५०० गिल्डरना गेले. तो कागद आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. चित्र घेणारा माणूस अल्फोन्सो लोपेझ. त्याच्याकडे टिशनचे एक व्यक्तिचित्रही होते : फुगीर, शिवणीची नक्षी असलेली बाही कठड्यावर टेकवून बसलेला पुरुष. ते आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

राफाएलचा कास्तिल्योने शांत, तोललेला, जवळजवळ सममित आहे. रेम्ब्रांटच्या रेखाटनात त्याची टोपी कलंडली आहे आणि माणूस अधिक अस्वस्थ झाला आहे. नक्कल म्हणून ते रेखाटन चुकीचे आहे. पण त्याच वर्षी रेम्ब्रांटने स्वतःचे एक कोरीवचित्र केले. त्यात तो दगडी कठड्यावर हात टेकवून ऐटीत बसला आहे. १६४० मध्ये तीच बैठक घेऊन त्याने तैलरंगात आत्मचित्र केले, तेव्हा ती ऐट निवळली आणि चेहरा गंभीर झाला. राफाएलकडून त्याने शांतपणा घेतला, टिशनकडून बाही आणि कठडा, आणि दोन प्रयत्नांत त्यांचे स्वतःचे काहीतरी केले. चौतीस वर्षांचा, नावारूपाला आलेला चित्रकार कित्ता गिरवतो आहे. पण लिलावात पाहायला मिळणार काही मिनिटे, म्हणून शेवट न पाहता तो चालना तेवढी उचलतो.

याच कास्तिल्योनेची रुबेन्सनेही नक्कल केली होती, आणि ती पूर्ण तैलरंगात. ती लंडनच्या कोर्टॉल्ड गॅलरीत आहे. रुबेन्स १६२८-२९ मध्ये राजकीय कामासाठी माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला आणि युरोपभर मान मिळालेला होता. तरी तिथल्या राजसंग्रहातली टिशनची चित्रे तो समोर बसून उतरवत राहिला. त्याच्या नकला लगेच ओळखू येतात, कारण त्यांत मांस अधिक उबदार होते, कापड अधिक फुगते. म्हणजे पूर्ण आकाराची, सावकाश केलेली नक्कलही मेलेली असायलाच हवी असे नाही. तो आकाराच्या मागचा क्रम शोधत होता आणि तो शोधताना त्याचा स्वतःचा हात आड येत होता. तो आड येणे हीच शिकल्याची खूण.

५

हा विषय आपल्याकडे आला की लगेच जखमेवर बोट पडते. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने विद्यार्थ्यांच्या पुढ्यात ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे ठेवले आणि वर्षानुवर्षे ते काढायला लावले. त्यातून तयार झालेल्या मुंबईच्या वास्तववादी परंपरेवर पुढे अनुकरणाचा शिक्का बसला, आणि तो मारणाऱ्यांत आपणच पुढे होतो.

याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भिंतीवरच्या चित्रांच्या तैलरंगात नकला करून घेत. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्सच्या चमूच्या कितीतरी नकला १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. मूळ भिंती जगल्या, जपणुकीसाठी केलेल्या नकला जळाल्या. पण त्या चमूतल्या पेस्तनजी बोमनजींचा हात काही जळला नाही; ते पुढे मुंबईचे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. नकलेचे खरे फळ कॅनव्हासवर नसते, नक्कल करणाऱ्यात असते, हे याहून स्पष्ट कोण सांगेल?

गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०-१९३५) जे. जे. मध्ये शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत. हे कौतुक मला नेहमी अडचणीचे वाटत आले आहे. ते चित्रकाराला शिष्याच्या जागी बसवते आणि उठू देत नाही. पणजीत फुंदासाओ ओरिएंतच्या संग्रहात त्यांनी रंगवलेली घरची माणसे पाहताना मी हा शिक्का विसरायचा प्रयत्न केला. गडद पार्श्वभूमी, एका बाजूने येणारा उजेड, अंधारात हरवणारी कड, हे सगळे हॉलंडकडून आलेले आहेच. पण सावलीतली त्वचा पाहावी. हॉलंडच्या हिवाळ्यात सावली तपकिरी आणि थंड होते. इथे ती तांबूस आहे, तिच्यात समोरच्या अंगणातले ऊन परतून आलेले आहे. ती सावली कुठल्याही छापील रेम्ब्रांटमध्ये सापडणार नाही. त्रिंदादांनी क्रम घेतला : अंधारातून उजेडाकडे यायचे, उजेडात रंग जाड करायचा, सावली पातळ ठेवायची. निकाल मात्र समोरच्या माणसाकडून घेतला. अनुकरणाचा आरोप करणाऱ्यांनी आणि ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही आकार पाहिला. क्रम पाहिला नाही.

६

न्यूरेंबर्गच्या चित्राची चांगली छापील प्रत मला मिळाली त्या हिवाळ्यात मी पुन्हा नक्कल करायला बसलो. या वेळी चौकोन नाहीत, बाह्यरेषा नाही. फळीवर पिवळी माती आणि बर्न्ट अंबर मिसळून अस्तर दिले, ते वाळू दिले. मग मोठ्या ब्रशने फक्त अंधार मांडला. पार्श्वभूमी आधी. पहिल्या आठवड्यात चेहरा चेहऱ्यासारखा दिसेना. मुलगी म्हणाली, बाबा, हा बटाटा आहे. मी चिडलो नाही, कारण प्रथमच मला कळत होते की गालाची कड काढायची नसते. पार्श्वभूमीचा रंग गालापर्यंत आणून सोडला आणि गालाचा रंग त्याच्यावर थोडा चढवला की कड आपोआप होते, आणि जिथे दोन्ही रंग सारखेच गडद असतात तिथे ती होतच नाही. ती न होणे हीच जागा चेहऱ्याला हवा देते. १९८६ च्या नकलेत मी ही हरवलेली कड नेमकी रेषेने भरून काढली होती. ज्याच्यावरून मी नक्कल केली त्यानेही बहुधा तेच केले होते.

दुसरी नक्कल फसली. नाक थोरले झाले, डोळे एकमेकांशी बोलत नाहीत. ती मी कुणाला दाखवली नाही. पण ती करताना मी चार वेळा खोडले, आणि चारही वेळा खोडण्याचे कारण मला सांगता येत होते. पहिल्या नकलेत मी एकदाही खोडले नव्हते.

त्या उन्हाळ्यात आईला पुन्हा बसवले. ती सत्तरीच्या पुढे गेली होती. या वेळी परात काढून घेतली नाही. ती शेंगा सोलत राहिली, मान वळवत राहिली, आणि मी अंधार आणि उजेड मांडत राहिलो. चौथ्या बैठकीनंतर ती आजारी पडली आणि चित्र राहिले ते राहिलेच. पदर म्हणजे तपकिरी अस्तरावरचे दोन फटकारे आहेत, हात नाहीतच. साम्य पहिल्या चित्राएवढे नाही. तिने ते एकदा पाहिले. काही बोलली नाही; फक्त विचारले, “हे पुरं करणार आहेस ना?” पहिल्या चित्राबद्दल हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

आता मी शिकवतो तेव्हा मुलांना नक्कल करायला लावतोच. काही सहकाऱ्यांना ते जुनाट वाटते. मोबाइलवर हवे ते चित्र हवे तेवढे मोठे करून पाहता येत असताना उतरवायचे कशाला, असे ते विचारतात. मोठे करून पाहिल्याने निकाल मोठा दिसतो, क्रम दिसत नाही, एवढेच माझे उत्तर असते. लूव्रमध्ये नक्कल करणाऱ्यांना आजही परवानगी आहे, फक्त कॅनव्हास मूळ चित्राच्या मापाचा चालत नाही. तो निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठा असावा लागतो. बनावट चित्रे होऊ नयेत म्हणून हा नियम आहे, पण शिकण्याच्या दृष्टीनेही तो चांगला आहे. माप बदलले की ठसा घेता येत नाही, प्रत्येक अंतर नव्याने ठरवावे लागते. माझ्या वर्गात मी त्यात दोन अटी घालतो. बाह्यरेषा काढायची नाही, आणि तासाभराने पुस्तक मिटायचे. पुढचे आठवून करायचे, लिलावातून घरी परतलेल्या माणसासारखे. मुले कुरकुरतात. चित्रे बिघडतात. बिघडलेल्या जागी मात्र चर्चा होते, आणि ती चर्चा सफाईदार नकलेपुढे उभे राहून कधी झाली नव्हती.

हेगची ती जुनी नक्कल अजून घरात आहे, आजोबांच्या फोटोशेजारी नाही, पण पुस्तकांच्या कपाटावर. ती टाकून द्यावी असे मला वाटत नाही. सुमारे चारशे वर्षांपूर्वी कुणी एक शिकाऊ मुलगा गुरूच्या चित्रापुढे बसला, त्याने आधी कडा आखून घेतल्या आणि जीव लावून त्या भरल्या. त्याच्या कामाला लोक गुरूचे काम समजले, हे त्याला कधी कळले नाही. माझे नाते रेम्ब्रांटशी आहे असे मला वाटत होते; ते खरे तर त्या मुलाशी आहे. तो गुरूच्या इतक्या जवळ होता आणि तरीही रेषेला धरून बसला, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो. आणि आईचे अपुरे चित्र दाखवून विचारतो, इथे कड कुठे आहे? ती शोधायला ते पुढे सरकतात, तिथेच आमचा तास सुरू होतो.